रेकॉर्डिंग द्या, पण शंकेचा तासही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन शिक्षणाविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी पत्रे प्रसिद्ध होतात. त्यांत पालक लिहितात, शिक्षक लिहितात, संस्थाचालकही लिहितात; ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे ते महाविद्यालयीन विद्यार्थी मात्र त्यांत क्वचितच दिसतात. शिवाय चर्चा बहुधा एकाच वळणावर येऊन थांबते: वर्गातले शिक्षण बरे की मोबाइलवरचे? माझ्या मते हा प्रश्न आता मागे पडला आहे, कारण विद्यार्थी दोन्ही घेत आहेत आणि यापुढेही घेणार आहेत. आज विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. ऑनलाइन शिकवायचेच असेल, तर ठरलेल्या वेळी सर्वांना एकत्र बसवून लाइव्ह शिकवावे, की तास रेकॉर्ड करून द्यावेत आणि ज्याने त्याने आपल्या सवडीने, आपल्या गतीने शिकावे?

मी कोल्हापुरातील एका वरिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. गेली काही वर्षे सत्र संपताना मी विद्यार्थ्यांकडून याविषयी नाव न घालता लिहून घेत आले आहे. हे काही शास्त्रशुद्ध सर्वेक्षण नव्हे आणि त्यातून टक्केवारी काढण्याचा माझा विचारही नाही. परंतु हे कागद वाचताना एक गोष्ट इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या शब्दांत समोर आली, की ती जाहीरपणे मांडणे मला आवश्यक वाटते. समजावून सांगण्याचा भाग विद्यार्थ्यांना रेकॉर्डिंगमध्ये हवा आहे आणि विचारण्याचा भाग लाइव्ह हवा आहे. आपण नेमके उलटे करून ठेवले आहे. लाइव्ह तासात शिक्षक पाऊण तास एकटेच बोलतात, आणि रेकॉर्ड केलेला अभ्यासक्रम हाती देताना प्रश्न विचारण्यासाठी विद्यार्थ्यापाशी कोणीही ठेवले जात नाही.

लाइव्ह तासाची अडचण म्हटली की सर्वांना आधी रेंज आठवते. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड अशा डोंगराळ तालुक्यांतली मुले रेंजबद्दल लिहितातच, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. मात्र त्याहून अधिक जण वेळेबद्दल लिहितात, आणि त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. करवीर व कागल तालुक्यांतल्या कितीतरी घरांत सकाळ-संध्याकाळ धार काढून दूध संस्थेत वेळेवर पोचवावे लागते. संकलन आटोपले की त्या वेळचे दूध घरातच राहते. सायंकाळी सहाचा लाइव्ह तास सर्वांच्या सोयीचा म्हणून ठरवला जातो आणि तो नेमका याच वेळेवर येतो. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करून पदवी घेणाऱ्या मुलाची या आठवड्यातली मोकळी वेळ पुढच्या आठवड्यात मोकळी नसते. इचलकरंजीच्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते की तिच्या घराच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे. कानांत इअरफोन घातला की तिला शिकवलेले ऐकू येते, पण माइक सुरू केला की साऱ्या वर्गाला मागांचा खडखडाट ऐकू जातो. म्हणून सबंध सत्रात तिने एकदाही माइक सुरू केला नाही. खाली तिने एक ओळ जोडली होती: वर्गात मी प्रश्न विचारते, हे मॅडमना माहीत आहे.

अशा मुलीची नोंद लाइव्ह तासाच्या हजेरीत उपस्थित म्हणून होते. तिने काय विचारायचे राहून गेले याची नोंद कुठेच होत नाही.

कॅमेरा सुरू ठेवण्याच्या सक्तीबद्दलही विद्यार्थ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. दोन खोल्यांच्या घरात मागे कोण बसले आहे, काय वाळत घातले आहे, कोण जेवते आहे, हे साऱ्या वर्गाला दिसू नये असे एखाद्याला वाटले तर त्यात बेशिस्त कोणती? स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांतून येणाऱ्या थकव्याची चार कारणे मांडली: जवळून रोखलेल्या नजरांचा सततचा ताण, स्वतःचाच चेहरा सतत समोर दिसणे, हालचालीला आलेली मर्यादा, आणि प्रत्यक्ष भेटीत सहज मिळणारे इशारे पडद्यावर मुद्दाम द्यावे-घ्यावे लागल्याने मेंदूवर पडणारा भार. आमच्या विद्यार्थ्यांनी बेलेन्सन वाचलेले नाहीत, तरी सलग तीन लाइव्ह तासांनंतर डोके बधिर होते हे त्यांनी आपल्या शब्दांत लिहिलेच आहे.

रेकॉर्ड केलेल्या तासांविषयी लिहिताना हीच मुले अधिक मोकळी होतात. त्यांचे पहिले कारण भाषेचे आहे. आमच्याकडे येणारे बरेच विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात, आणि पदवीला विज्ञान शाखेत आल्यावर सूत्रे, व्याख्या, पुस्तके सारेच इंग्रजीत समोर येते. लाइव्ह तासात एक वाक्य निसटले की पुढची चार वाक्ये त्याच्यामागे जातात. रेकॉर्डिंगमध्ये तसे होत नाही. वाक्य ऐकायचे, थांबवायचे, मनात मराठीत लावून घ्यायचे आणि मग पुढे जायचे. पहिल्यांदा वेग कमी ठेवायचा, उजळणीच्या वेळी दीडपट करायचा. वर्गात ‘परत एकदा सांगा’ असे तीनदा म्हणायला विद्यार्थी संकोचतो. मोबाइलपुढे त्याला तो संकोच राहत नाही. दुसरे कारण डेटाचे आणि रेंजचे. महाविद्यालयाच्या वाय-फायवर दुपारी तास उतरवून घ्यायचा आणि तो एसटीत किंवा रात्री घरी ऐकायचा, ही अनेकांची रोजची रीत झाली आहे. २०१९ च्या आणि पुन्हा जुलै २०२१ च्या महापुरात रस्ते बंद झाले, अनेक गावांत वीज नव्हती. अशा दिवसांत लाइव्ह तास घेणाऱ्याने घ्यायचे ठरवले तरी ऐकणारा तिथे पोचूच शकत नाही. मोबाइलमध्ये आधी उतरवून ठेवलेले मात्र चार्जिंग असेतोवर त्याच्याजवळ असते.

रेकॉर्डिंग कसे असावे, हेही विद्यार्थी नेमकेपणाने सांगतात. त्यांना पन्नास मिनिटांची सलग फीत नको असते. झगमगीत स्टुडिओ, फिरती अक्षरे, पार्श्वसंगीत यांचे त्यांना अप्रूप नाही. कागदावर किंवा फळ्यावर हाताने सोडवत जाणारे, आपल्या ओळखीच्या आवाजातले लहान लहान भाग त्यांना हवे असतात. फिलिप गुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक काळ, म्हणजे निम्मे पाहणारे ज्याच्या आत थांबतात तो काळ, सहा मिनिटांच्या पुढे जात नाही, आणि नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत समजावलेले व्हिडिओ अधिक लक्षपूर्वक पाहिले जातात, असे त्यांना आढळले. आमच्या मुलांच्या मागण्या या निष्कर्षांशी इतक्या जुळतात की त्यांना आळशी ठरवणाऱ्यांनी हा अभ्यास अवश्य पाहावा.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग सारेच रेकॉर्ड करून द्या आणि मोकळे व्हा. तसे केल्यास काय होते हे एका वहीवरून सांगते. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने स्वतःहून एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला होता आणि त्याची वही तो मला दाखवायला घेऊन आला. डाव्या समासात त्याने रेकॉर्डिंगमधल्या वेळा लिहिल्या होत्या आणि प्रत्येक वेळेसमोर एक प्रश्न. १४:२० समोर लिहिले होते, ‘इथे एनने भागायचे सोडून एन वजा एकने का भागले?’ त्या प्रश्नाशेजारी वेगवेगळ्या शाईने केलेल्या तीन-चार खुणा होत्या. तितक्या वेळा त्याने तो भाग पुन्हा ऐकला होता. घेतलेल्या संख्या सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत हे मोजण्याचे सूत्र (त्यात एन म्हणजे एकूण किती संख्या घेतल्या ते) व्याख्यात्यांनी अचूक सांगितले होते, उदाहरणही अचूक सोडवले होते. मात्र ‘का’चे उत्तर त्या तासात नव्हते, आणि जे तासात नाही ते कितीही वेळा ऐकून मिळणार नव्हते.

मी त्याला ४, ७, ९ आणि १२ या चार संख्या घ्यायला सांगितल्या. सरासरी ८ आली. प्रत्येक संख्येचा सरासरीपासूनचा फरक त्याने लिहिला: उणे ४, उणे १, १ आणि ४. शेवटचा फरक बोटाने झाकून मी विचारले, हा न बघता सांगता येईल का? क्षणभर थांबून तो म्हणाला, येईल की, बेरीज शून्यच यायला पाहिजे. मग उरलेले त्यानेच पुरे केले. चार फरकांपैकी तीनच मोकळे आहेत, चौथा आपोआप ठरतो. शिवाय सरासरी याच चार संख्यांतून काढलेली असल्यामुळे या फरकांच्या वर्गांची बेरीज, साऱ्या समूहाच्या खऱ्या सरासरीपासून मोजली असती त्यापेक्षा, सहसा कमीच भरते. वर्गांची बेरीज ३४ आहे. तिला ४ ने भागले तर ८.५ येतात, ३ ने भागले तर ११.३३, आणि एकाने कमी केलेला हा भाजक ती तूट सरासरीने भरून काढतो. या साऱ्याला पाच-सात मिनिटे लागली असतील. तो प्रश्न मात्र त्या वहीत कित्येक आठवडे उत्तराविना पडून होता, आणि त्या प्रश्नावर उभे असलेले पुढचे तास त्याने तसेच, अर्धवट समजून, ऐकून टाकले होते.

स्वतःच्या गतीने शिकण्याचे अभ्यासक्रम मध्येच का सुटतात याचे उत्तर मला या वहीत दिसते. असे अभ्यासक्रम सोडणारे फार असतात हे जगभर नोंदले गेले आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी एडएक्सवर चालवलेल्या अभ्यासक्रमांच्या २०१२ ते २०१८ या काळातील नोंदी राइख आणि रुईपेरेझ-व्हालिएंते या संशोधकांनी तपासल्या आणि २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्या सर्वांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांतही हे प्रमाण निम्म्याखालीच, सुमारे ४६ टक्के होते. याचा अर्थ लावताना ‘फुकट मिळाले की किंमत नसते’ असे आपण चटकन बोलून जातो. विद्यार्थी मात्र वेगळे कारण लिहितात. कोणी विचारतच नाही, असे ते लिहितात. तिसऱ्या आठवड्यात अडलो, कोणाला विचारावे कळले नाही, चौथा आठवडा साचला, मग पाचवा साचला, आणि नंतर तो अभ्यासक्रम उघडण्याचीच भीती वाटू लागली: थोड्याफार फरकाने हाच क्रम मी अनेक कागदांवर वाचला आहे. अभ्यासक्रमासोबत चर्चामंच असतो हे खरे. परंतु देशभरातल्या हजारो अनोळखी लोकांपुढे, इंग्रजीत, आपला ‘साधा’ प्रश्न मांडण्याचे धाडस मराठी माध्यमातून आलेल्या किती मुलांना होईल?

इथे मुलींचा प्रश्न थोडक्यात नोंदवते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील ग्रामीण घरांपैकी केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि सुमारे १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. त्यानंतर मोबाइल घरोघर गेले असले, तरी विद्यार्थिनींच्या लेखनात ‘घरातला मोबाइल’ असाच उल्लेख आजही येतो, ‘माझा मोबाइल’ असा तितका येत नाही. तो भावाकडून किंवा वडिलांकडून रात्री हातात येतो. अशा मुलीला रेकॉर्डिंग हाच आधार असतो, आणि शंका विचारायला घरात कोणी नसल्यामुळे ती अडण्याची शक्यताही तिचीच सर्वांत जास्त असते.

सवडीने शिकण्याला माणसाची जोड लागते, हे आपल्या देशाला आज नव्याने कळलेले नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये, म्हणजे आपल्या शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षी, पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या साऱ्यांनी छापील पाठांबरोबर अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रे ठेवली. घरी बसून पुस्तक वाचणाऱ्या नोकरदाराला अधूनमधून कोणापुढे तरी बसून विचारता आले पाहिजे, हे त्या काळच्या धोरणकर्त्यांना पक्के ठाऊक होते. पाठ कागदावरून पडद्यावर आले आणि आपण हे संपर्कसत्र मात्र गाळून टाकले, याचे मला मनापासून दुःख होते.

महाविद्यालयांच्या चर्चासत्रांत ‘स्वयम्’ हा शब्द आता सतत ऐकू येतो. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या, ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या या राष्ट्रीय मंचाची रचना विचारपूर्वक केलेली आहे: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चामंच असे तिचे चार भाग आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीत एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वरून घेण्याची मुभा होती. २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) गणितात या अभ्यासक्रमांचे स्थान वाढतच जाणार आहे. ही टक्केवारी प्राचार्यांच्या बैठकांत हमखास सांगितली जाते. त्याच नियमावलीत आणखी एक तरतूद आहे, तिचा उल्लेख मी तितक्या वेळा ऐकलेला नाही. विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमभर मार्गदर्शन करण्यासाठी महाविद्यालयाने एक समन्वयक नेमावा, असे तिच्यात म्हटले आहे. हा समन्वयक प्रत्यक्षात बहुधा नोंदणीचे अर्ज भरून घेण्यापुरता आणि परीक्षेचे शुल्क भरल्याची पावती मागण्यापुरता उरतो. त्यात त्या शिक्षकाचा दोष मी मानत नाही. त्याच्या कार्यभारात या कामाला एकही तास धरलेला नसेल, तर तो ते काम कोणत्या वेळी करणार?

लाइव्ह वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवण्याची पद्धत मी माझ्या वर्गात वापरते आहे, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द. समजावण्याचा भाग दहा मिनिटांच्या आतल्या तुकड्यांत आधी देते. विद्यार्थ्यांनी अडलेली जागा वेळेसह एक दिवस आधी पाठवायची. आणि लाइव्ह तासात फक्त त्याच जागा घ्यायच्या. सुरुवातीच्या तासांना शांतता असते. कोणी काही पाठवत नाही, कारण प्रश्न पाठवणे म्हणजे आपल्याला येत नाही अशी कबुली देणे, असे त्यांना वाटते. नावे न वाचता प्रश्न घ्यायला लागल्यावर प्रश्न येऊ लागले. वर्गात वर्षभर मान खाली घालून बसणारी मुले लिहून फार नेमके विचारतात, हे मला त्यातून दिसले. मागांच्या खडखडाटामुळे माइक बंद ठेवणाऱ्या मुलीलाही या तासात टाइप करून विचारता येते, आणि उत्तर त्याच वेळी मिळते. आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते: एकाचा प्रश्न वाचला की दुसराच विद्यार्थी उत्तर देऊ लागतो, आणि त्याच्या उत्तरातली चूक तिसरा काढतो. स्वीडनचे संशोधक स्टेफान हरास्टिन्स्की यांनी २००८ मध्ये मांडले होते की सवडीचे ऑनलाइन शिक्षण गुंतागुंतीच्या गोष्टींवर विचार करायला अधिक वाव देते आणि एकाच वेळचे शिक्षण सहभागाची ओढ व आपलेपणा वाढवते. दोन्हींची कामे वेगळी आहेत, आणि एकाचे काम दुसऱ्यावर लादल्यास दोन्ही बिघडतात.

सर्वांचेच मत असे नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रथम वर्षाचे बरेच विद्यार्थी आग्रहाने लाइव्ह तासच मागतात. वेळापत्रकाचा बांध नसेल तर आमचा दिवस वाहून जातो, असे ते प्रामाणिकपणे लिहितात, आणि त्या वयात ते स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी रेकॉर्डिंगचे प्रमाण कमी ठेवून ते वर्षागणिक वाढवणे मला योग्य वाटते. प्रयोगशाळेचे काम किंवा भाषेतील संभाषण यांना हा सारा विचार लागू होत नाही. तिथे प्रत्यक्ष वर्गाला पर्याय नाही. उलट नोकरी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना शंकेचा लाइव्ह तासही जमत नाही. ते लिहून विचारतात आणि लेखी उत्तरावर समाधान मानतात. त्यांना ते उत्तर दोन दिवसांत मिळावे, इतकीच त्यांची अपेक्षा असते.

शिक्षक सहकाऱ्यांचा एक आक्षेप मी नेहमी ऐकते: रेकॉर्डिंग दिले की तासाला कोणी येणार नाही. तासात रेकॉर्डिंगमधलेच पुन्हा बोलले जाणार असेल तर खरोखरच कोणी येणार नाही, आणि न येणाऱ्याला त्याबद्दल बोल लावता येणार नाही. आपले रेकॉर्डिंग कोणी कापून समाजमाध्यमांवर टाकील ही दुसरी भीती मात्र मला रास्त वाटते. ती दूर करणे व्यवस्थापनाचे काम आहे. ध्वनिफिती आणि व्हिडिओ महाविद्यालयाच्याच मंचावर, विद्यार्थ्याच्या खात्यातूनच उघडतील अशी सोय करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. रेकॉर्डिंग तयार करायला लागणारा वेळही कामाचाच वेळ आहे. दहा मिनिटांचा नीट तुकडा करायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, हे ज्याने तो केला आहे त्यालाच कळते.

म्हणून शिवाजी विद्यापीठाचे अधिकारी आणि कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतील प्राचार्य यांना माझी कळकळीची विनंती आहे. स्वयम् किंवा अन्य कोणताही रेकॉर्ड केलेला अभ्यासक्रम श्रेयांकासाठी मान्य करताना, त्या विषयाचा आठवड्याला एक शंकेचा तास वेळापत्रकात लिहून ठेवावा आणि तो संबंधित शिक्षकाच्या कार्यभारात धरावा. ज्या महाविद्यालयात त्या विषयाचा शिक्षक नाही, तिथे जवळच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक तास चालवावा. तो लाइव्ह ऑनलाइन घ्यायला काहीच हरकत नाही, आणि लाइव्ह पद्धतीचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. महाविद्यालयाने स्वतः घेतलेल्या प्रत्येक लाइव्ह तासाचे रेकॉर्डिंग त्याच दिवशी उपलब्ध व्हावे, आणि व्हिडिओबरोबर त्याची नुसती ध्वनिफीतही द्यावी, कारण कमी डेटात तीच उतरते. हजेरी कॅमेऱ्यावरून घेणे बंद करून आठवड्याला एक छोटा स्वाध्याय किंवा एक लेखी प्रश्न हीच हजेरी धरावी. इंग्रजी व्याख्यानांसोबत त्या त्या भागातील पारिभाषिक शब्दांचे मराठी टिपण स्थानिक शिक्षकाने द्यावे. दोन पानांचे टिपणही पुष्कळ उपयोगी पडते. आणि हे सारे ठरवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना विचारावे, तेही नाव न घालता आणि सत्र संपण्याची वाट न पाहता, कारण सत्र संपल्यावर कळलेल्या अडचणीचा त्या वर्षीच्या मुलांना काही उपयोग नसतो.

पुढच्या सत्राची वेळापत्रके सुटीतच तयार होतात, त्यामुळे हा विचार आताच व्हायला हवा. शंकेचा तास ठेवताना तो दुपारी, महाविद्यालयाच्या वेळेतच ठेवावा, अशी विनंती विशेषतः बाहेरगावच्या विद्यार्थिनींनी केली आहे. त्या वेळी वाय-फाय असते, स्वतःचा नसला तरी मैत्रिणीचा मोबाइल असतो, धारेची वेळ झालेली नसते आणि गावाकडे जाणारी एसटी अजून स्टँडवर लागलेली नसते.

आपली विश्वासू,
एक अध्यापिका,
राजारामपुरी, कोल्हापूर